कौलावरचे साल

आमच्या गावच्या चर्चमध्ये शिरताना उजव्या हाताला संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर 'स्थापना १८६५' असे कोरले आहे. २०१५ साली ती बसवली तेव्हा दीडशे वर्षांचा सोहळा झाला. मांडव पडला, मुंबई-नाशिकला गेलेली घरे दोन दिवसांसाठी परत आली, आणि पाटीच्या वर्गणीत माझेही पैसे होते. हे साल आले कुठून, हे तेव्हा कोणी विचारले नाही. मीही नाही. त्याआधी एका उन्हाळ्यात छपराची कौले चाळताना एका कौलाच्या पोटावर इंग्रजी अक्षरे सापडली होती, 'बासेल मिशन टाइल वर्क्स', आणि खाली १८६५. सुताराने ते कौल पाळकसाहेबांकडे दिले, त्यांनी कमिटीपुढे ठेवले, आणि चर्चला जन्मसाल मिळाले.

मी घोरपडीला राहते. पुण्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्त झाले. आमचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातच, रेल्वेने तासाभरावर. गाव रेल्वेमुळेच वाढलेले. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनीची लाइन १८५८ साली पुण्यात आली, १८६३ मध्ये बोरघाट खुला झाला, आणि लाइन पुढे सरकत गेली तशा तिच्या कडेने गोऱ्या ड्रायव्हर-गार्डांच्या वसाहती उभ्या राहिल्या. बंगल्यांची ओळ, इन्स्टिट्यूट, दवाखाना, शाळा आणि चर्च. आमचे चर्च असेच. काळ्या दगडाच्या भिंती, चुन्याचे बांधकाम, वर सागवानी कैच्या, पश्चिमेला दार आणि पूर्वेला वेदी. एकच घंटा. आमच्यातली जुनी माणसे त्याला देऊळच म्हणतात, आणि मीही घरात तसेच म्हणते.

दोन वर्षांपूर्वी नव्या पाळकसाहेबांचा फोन आला. छप्पर पुन्हा गळत होते, बाहेरगावच्या सभासदांना मदतीचे पत्र पाठवायचे होते. "ताई, पत्रासोबत मंडळीचा दोन पानी इतिहास जोडू. तुम्ही इतिहासाच्या बाई, तुम्हीच लिहा." दोन पाने म्हणजे एका रविवारचे काम, असे धरून मी हो म्हटले. ते काम दीड वर्ष चालले. ते कसे झाले ते इथे लिहिते, कारण असे काम करायला घेणाऱ्या दुसऱ्या कुणाला त्याचा उपयोग होईल.

पहिल्या दिवशी वेस्ट्रीतले, म्हणजे चर्चला लागून असलेल्या पाळकांच्या खोलीतले, लोखंडी कपाट उघडले. वरच्या फळीवर इंग्रजी रजिस्टरे होती, चार, चामडी बांधणीची, जाड कागदाची. बाप्तिस्मा, विवाह, दफन. छापील रकाने, सुबक अक्षर. बाळाचे नाव, आईबापांची नावे, राहण्याचे ठिकाण, बापाचा हुद्दा, विधी करणाऱ्याची सही. चारही जवळजवळ नव्यासारखी. खालच्या फळीवर पावत्यांचे गठ्ठे, संडे स्कूलच्या हजेऱ्या, आणि सर्वांत तळाला एका फडक्यात बांधलेल्या दोन लांबट वह्या. बाजूने शिवलेल्या, पुठ्ठ्यावर लाल खारवा. फडके सोडले तर मातीचा वास आला. वाळवीने कपाटाच्या मागच्या फटीतून नळी आणली होती आणि ती थेट या वह्यांत शिरली होती. एका वहीची शेवटची पाने जाळीसारखी झाली होती. दोन पाने कुणी तरी काळजीपोटीच पूर्वी लॅमिनेट करून घेतली होती. ती आता आतून पिवळी पडली आहेत आणि प्लास्टिक सोडवायला गेले तर अक्षरही निघून येते. यात दोष कोणाचा काढावा? ज्याने केले त्याला ती पाने वाचवायचीच होती.

त्या वह्या मी घरी आणल्या नाहीत. पुण्यात जुन्या पोथ्यांचे काम करणाऱ्या एका बाईंना आधी फोन केला, आणि त्यांनी सांगितले तसे केले. उन्हात ठेवायच्या नाहीत. सावलीत, वाऱ्यावर, तीन-चार दिवस. सेलोटेप लावायची नाही, डिंक लावायचा नाही. रुंद, मऊ कुंचल्याने माती आतून बाहेर झाडायची, बाहेरून आत कधी नाही. पान उलटताना खाली कोरा कागद सरकवायचा आणि त्या कागदासकट पान उचलायचे. लोहाची शाई असेल तिथे कागद अक्षराच्या रेघेवरच फाटतो, तेव्हा तिथे बोट लावायचे नाही. मग खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, प्रत्येक पानाचा फोटो, शेजारी पानाचा आकडा लिहिलेली चिठ्ठी. तीन शनिवार सकाळी बसून मी आणि संडे स्कूलच्या दोन मुलींनी हे केले. त्यातल्या एकीचा हात माझ्याहून स्थिर होता, म्हणून पाने तिनेच उलटली.

हे करताना एक गोष्ट कळली, आणि तिने माझे सगळे कामच बदलले.

इंग्रजी रजिस्टरांत मधूनमधून पेन्सिलीने खुणा आहेत, 'नक्कल पाठवली' अशा अर्थाच्या. कंपनी सरकारच्या काळापासून मुंबई इलाख्यातल्या चॅप्लेनांनी, म्हणजे सरकारी पाळकांनी, बाप्तिस्मा-विवाह-दफनाच्या नोंदींच्या नकला वर पाठवायच्या आणि त्या लंडनला जायच्या, अशी पद्धत होती. ते खंड आज ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत, त्यांच्या सूची झाल्या आहेत, इंटरनेटवर शोधता येतात. मी घोरपडीत माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आमच्या रजिस्टरातल्या एका इंजिन ड्रायव्हरच्या मुलाचे नाव शोधले आणि ते लंडनच्या सूचीत सापडले. म्हणजे आमचे कपाट उद्या जळाले तरी ते मूल राहील. खालच्या फळीवरच्या त्या दोन वह्या मात्र जगात एकच एक होत्या. त्यांची नक्कल कोणी कोणाला पाठवली नव्हती. वाळवीने जे पान खाल्ले त्या पानावरची माणसे गेली, आणि ती माणसे आमची होती. माझ्या पोटात खरोखर कालवले. दोन पानांचा इतिहास बाजूला राहिला. आधी वह्या वाचायच्या असे ठरवले.

दुसऱ्या वहीचे अक्षर बाळबोध, ती मी वाचू शकत होते. पहिली मोडीत. शाळेत शिकवताना मोडीचे नमुने मुलांना दाखवले होते, पण नमुना दाखवणे वेगळे आणि कुणाचे तरी घाईतले हस्ताक्षर वाचणे वेगळे. मोडी वाचणारी माणसे पुण्यात अजून आहेत, नव्या मुलांसाठी वर्गही चालतात. एका ओळखीतून सदाशिव पेठेतल्या एका वयोवृद्ध गृहस्थांकडे गेले. ऐंशी उलटलेले. उभे आयुष्य पेशवे दप्तरातले कागदांचे रुमाल सोडण्या-बांधण्यात गेलेले. फोटो लॅपटॉपवर मोठे करून दाखवले तर त्यांनी आधी नुसतेच दोन मिनिटे पाहिले.

"ताई, हे कारकुनाचे अक्षर नाही. शाळामास्तरांचे आहे. रेघ बघा." मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतात आणि मग तिला अक्षरे टांगतात. त्यांचे बोट त्या रेघेवरून फिरत होते. "कारकून रेघ ओढताना पुढचे काम डोक्यात ठेवतो, ती शेवटाला वर जाते. ही बघा, शेवटपर्यंत सरळ."

वहीची पहिली नोंद १९०० सालातली. १८९९ चा पाऊस गेला आणि छपन्नचा (संवत १९५६ चा) दुष्काळ पडला, त्याच्या ऐन मध्यातली. पहिले पान जवळजवळ सगळे मुलांचे आहे. सदाशिव पेठेतले ते काका एकेक ओळ वाचत, मी लिहून घेत होते. 'मौजे' अमुक, तालुका नगर. 'मौजे' तमुक, तालुका पारनेर. 'वय अदमासे' चार, सात, पाच. अदमासे हा शब्द इतक्या वेळा आला की शेवटी ते नुसते 'अद' म्हणून पुढे जाऊ लागले. मग एक ओळ त्यांनी दोनदा वाचली. मुलगी, वय अदमासे सहा, आईबाप दुष्काळात मयत, खडीच्या कामावरून मुकादमाने आणली. पुढे दोन रकाने, जुने नाव आणि नवे नाव.

नवे नाव माझ्या पणजीचे होते.

आमच्या घरात असे सांगत की पणजी केडगावच्या मुक्ती मिशनमधली, पंडिता रमाबाईंच्या मुलींपैकी. केडगाव आमच्याच लाइनवर, आणि त्या दुष्काळात रमाबाईंनी गुजरातेतून शेकडो मुली तिथे आणल्या हे खरेच आहे. त्यामुळे गोष्ट पटण्यासारखी होती, आणि ती सांगताना माझ्या वडिलांचा आवाज थोडा चढायचा. वही वेगळे सांगत होती. पणजी नगरकडची. तिला रमाबाईंनी नाही, एका गँगच्या मुकादमाने आणले. तो मुकादमही त्याच वहीत पुढे सापडला, त्याच्या लग्नाच्या नोंदीत, आणि नंतर पणजीच्या लग्नात साक्षीदार म्हणून. त्याचा अंगठा आहे, सही नाही. त्याच्याबद्दल आमच्या घरात कधी कोणी एक शब्द बोलले नव्हते.

पणजीचे जुने नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. ते इथे लिहीत नाही, घरातल्यांनी तसे ठरवले आहे. माझ्या भाचीने मात्र तिच्या मुलीला त्या नावाने हाक मारायला सुरुवात केली आहे.

काकूंनी चहा आणला. काका म्हणाले, "आमच्याकडे मिशन म्हटले की आधी चहाच आठवतो." पंचहौद मिशनचे ते ग्रामण्य, म्हणजे जातीतून वाळीत टाकण्याचे प्रकरण. १८९० मध्ये टिळक, रानडे, गोखले यांच्यासह चाळिसाहून अधिक मंडळी तिथे व्याख्यानाला गेली, चहा पुढे आला, कोणी प्याले, कोणी नुसता हातात धरला. डॉ. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी यांनी ती नावे छापून आणली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत, प्रायश्चित्तापर्यंत गेले. हे पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. गुरुवार पेठेतल्या त्या आवारात १८८५ चे पवित्र नाम देवालय आहे, इंग्लंडहून आणलेल्या ८ घंटांचा मनोरा आहे. येताना मी मुद्दाम त्या बाजूने आले आणि मनोऱ्याखाली थोडी थांबले. तासाभरासाठी चहाला आलेल्यांची नावे पुण्याच्या इतिहासात पक्की बसली. अशा मिशनांच्या आवारांत जी माणसे जन्मली, शिकली आणि पुरली गेली, त्यांची नावे वह्यांत आहेत. तेव्हापासून मी दर गुरुवारी सदाशिव पेठेत जात होते. चौदा गुरुवार गेले. काकांनी पैसे घेतले नाहीत. नाताळात मी केलेल्या करंज्या आणि केक मात्र त्यांनी आनंदाने घेतला.

वहीत बापाच्या धंद्याचा रकाना आहे. गँगमन, पॉइंटमन, खलाशी, कोळशावर, दवाखान्यात झाडू, साहेबाकडे बटलर, शाळामास्तर. आईच्या पुढे कुठे कुठे 'आया'. आणि शेजारी एक रकाना 'जात' असा. पहिली काही वर्षे तो नीट भरलेला आहे. महार, मांग, एक-दोन ठिकाणी दुसरे काही. मग एका पानापासून त्याच शाळामास्तरांच्या हाताने त्या रकान्यात नुसती आडवी रेघ आहे, प्रत्येक नावापुढे. वहीच्या शेवटापर्यंत एकही जात पुन्हा लिहिलेली नाही.

कमिटीत यावरून फार बोलणे झाले. मंडळीतले एक वडीलधारे, ज्यांनाही मी लहानपणापासून काका म्हणते, ते उठून उभे राहिले. "ख्रिस्तात आपण एक झालो. तो रकाना झाकून झेरॉक्स काढा. माझ्या नातवंडांनी ते वाचायला नको." त्यांचा आवाज कापत होता. त्यांनी काय सोसले ते मला थोडेफार ठाऊक आहे, म्हणून मला लगेच उत्तर देता येईना. नर्सिंगला असलेली एक मुलगी म्हणाली, "काका, नातवंडांना बाहेरचे लोक सांगतातच. आपल्याच वहीत वाचले तर त्यांना पुढच्या त्या रेघाही दिसतील." १९५० च्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, त्याचाही विषय निघाला आणि रात्रीचे दहा वाजले. माझे मत मी स्पष्ट सांगितले. वही जशी आहे तशी ठेवायची, एकही रकाना झाकायचा नाही. छापील पुस्तिकेत मात्र कुणाच्या नावापुढे जात छापायची नाही, शाळामास्तरांनी ओढलेल्या रेघेबद्दल एक परिच्छेद लिहायचा. तसेच ठरले. ते काका सभेनंतर माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःहून 'सलाम' केला, तेव्हा मला हलके वाटले.

कागदांच्या खेपा थोडक्यात सांगते, कारण त्यात फार काही निघाले नाही. कमिटीला आशा होती की जमिनीचे एखादे जुने दानपत्र सापडेल. पुण्याच्या सिटी चर्चला जागा सवाई माधवरावांच्या काळात, १७९२ मध्ये पेशव्यांकडून मिळाली, हे सगळ्यांनी ऐकलेले असते, म्हणून प्रत्येक गावच्या चर्चला असे काही असेल असे वाटते. आमच्या प्रॉपर्टी कार्डावर आधी रेल्वे आहे आणि मग विश्वस्त. बास. धर्मादाय कार्यालयातून न्यासाच्या नोंदीचा उतारा घेतला. एका कचेरीत अर्जावर तीन वेळा तीच त्रुटी काढली, चौथ्यांदा खिडकीवर दुसरे कोणी होते आणि उतारा दहा मिनिटांत मिळाला. असा अर्ज करायचा असेल तर जुना सर्व्हे नंबर आणि नवा सिटी सर्व्हे नंबर दोन्ही घेऊन जा.

खरा इतिहास माझ्या थोरल्या आत्यांकडे होता. वय ९२. गावातच, चर्चच्या मागच्या गल्लीत. ऐकू कमी येते, पण नावे विसरत नाहीत. मी वहीतले नाव घ्यायचे आणि त्यांनी सांगायचे, "हा म्हणजे पाणीवाल्याचा थोरला. हे एसपीजीचे. आपण अमेरिकन मिशनचे."

हा फरक आता तरुणांना माहीत नाही. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आले, १८३१ मध्ये नगरला. एसपीजी, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे मिशन, नगर जिल्ह्यात नंतर आले. एकाच गावातली दोन घरे दोन मिशनांत गेली, आणि रेल्वेच्या कामासाठी इकडे आली तेव्हा आपापले मिशन सोबत घेऊन आली. एसपीजीवाल्यांची उपासना पुस्तकातून, गुडघे टेकून. अमेरिकनवाल्यांची प्रार्थना मनची, आणि भजनाला टाळ-ढोलकी. एसपीजीची मंडळी चर्चमध्ये जमायची, कारण चर्च इंग्लंडच्या पंथाचे. आमची मंडळी चाळीतल्या एका खोलीत.

"चर्चमध्ये म्हणजे कधी?" मी विचारले.

"दुपारी तीनला. सकाळी साहेबलोकांची. सकाळी आपल्यातले कोणी गेलेच तर आया, बटलर. शेवटच्या बाकावर, साहेबाचे मूल रडले तर बाहेर न्यायला."

स्वातंत्र्यानंतर अँग्लो-इंडियन घरे एकेक करून इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला गेली. इंग्रजी उपासना महिन्यातून एकदा झाली, मग बंद पडली, आणि मराठी उपासना सकाळी आली. त्या पहिल्या सकाळी आत्या मैत्रिणीसोबत मुद्दाम गेल्या होत्या, मिशन दुसरे असूनही. त्या काय म्हणाल्या ते मी वहीत जसेच्या तसे लिहून घेतले आहे. "वेदीच्या वरच्या खिडकीला रंगीत काचा आहेत हे सगळ्यांना माहीत होते. पण दुपारी त्या काळ्याच दिसायच्या. सकाळी साडेआठला ऊन त्यांतून आले आणि वेदीवर, फरशीवर, पुढच्या बाकांवर लाल-निळे पडले. एसपीजीची म्हातारी माणसे गुडघ्यावर होती ती उठेचनात. इतकी वर्षे त्याच देवळात येत होती आणि त्यांनी ते पाहिलेच नव्हते."

मी त्या खिडकीकडे आयुष्यभर पाहत आले आहे. पूर्वेची खिडकी सकाळीच उजळणार, यात न कळण्यासारखे काय आहे? पण तीनची उपासना आणि ती खिडकी मी कधी जोडून पाहिली नव्हती. आत्यांकडून आले त्या संध्याकाळी स्टेशनवर दोन लोकल सोडून दिल्या आणि बाकावर बसून राहिले.

अमेरिकन मिशनच्या मंडळ्या १९२४ मध्ये संयुक्त मंडळीत गेल्या होत्या. मग २९ नोव्हेंबर १९७०, रविवार, नागपूरला सहा मंडळ्या एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. कागदावर त्या दिवशी आमच्या गावातही एक मंडळी झाली. प्रत्यक्षात काय झाले ते सभांच्या इतिवृत्तात आहे. सर्वांत लांब वाद प्रभुभोजनाच्या प्याल्याचा. एसपीजीचा एकच मोठा चांदीचा प्याला, सगळ्यांनी त्यालाच ओठ लावायचे. अमेरिकनवाल्यांचे काचेचे छोटे पेले, प्रत्येकाला एक. तीन सभा याच विषयावर. एका सभेचे इतिवृत्त मधेच थांबते आणि खाली फक्त 'प्रार्थनेने सभा संपली' असे आहे. शेवटी सणाला मोठा प्याला आणि इतर वेळी छोटे पेले असे ठरले, आणि ते आजही तसेच आहे. चाळीतल्या खोलीतली ढोलकी चर्चमध्ये आली ती मात्र वादाशिवाय आली. तिच्याबद्दल इतिवृत्तात एक ओळ नाही, फक्त हिशेबाच्या वहीत 'ढोलकीस शाई चढवणे' असा खर्च आहे.

आता कौल. छपराचे काम सुरू झाले तेव्हा मी गावातच होते. सुताराने उतरवलेली कौले भिंतीशी रचली होती. मी सहज दोन-चार उलटून पाहिली. बासेल मिशन, १८६५. बासेल मिशन, १८६५. आणि मग एकावर दुसऱ्याच कारखान्याचे नाव आणि १८६८. एकाच उतरणीवर, शेजारी-शेजारी. तिथे मला पहिल्यांदा शंका आली. पुण्यात भवानी पेठेत लाकूड बाजाराच्या कडेला जुन्या वाड्यांचे वासे, दारे, कौले विकणारे बसतात. तिथे दोन कौलांचे फोटो घेऊन गेले. विक्रेत्याने फोटो पाहिलाही नाही नीट. त्याने मला त्याच्या थप्पीपाशी नेले आणि एकेक उलटून दाखवले. एका वाड्याचे, एका शाळेचे, एका बंगल्याचे. सगळ्यांवर १८६५. "बाई, हे फॅक्टरीचं साल. फॅक्टरी काढली तेव्हाचं. साचा तोच, मग शिक्का तोच." बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला तो १८६५ मध्येच, हे नंतर मी वाचून पडताळले.

कमिटीला हे सांगणे मला अवघड गेले. पाटी बसवणाऱ्या कमिटीतले दोघे आता हयात नाहीत. त्यांची मुले समोर बसली होती. मी दोन्ही कौले टेबलावर ठेवली, काही न बोलता, आणि वहीच्या पहिल्या पानाचा मोठा केलेला फोटो शेजारी. पाळकसाहेबांनी विचारले, "मग आपले साल कोणते?" मी म्हटले, इमारतीचे साल म्हणजे कंपनीने साहेबलोकांसाठी भिंती उभ्या केल्या ते. आपल्या लोकांची पहिली नोंद १९०० ची आहे, आणि ती आपल्या हातात आहे. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग तेच काका, ज्यांना तो रकाना झाकायचा होता, ते म्हणाले, "म्हणजे यंदा सव्वाशे होतात."

पाटी काढली नाही. वर्गणी देणाऱ्यांचा मान राहावा म्हणून ती तशीच आहे. तिच्या खाली दुसरी, मराठीत, बसवली आहे. 'या मंडळीच्या नोंदवहीतील पहिला बाप्तिस्मा १९००.' वह्या आता लाल हरकात बांधून नव्या, भिंतीपासून हातभर सुटे ठेवलेल्या कपाटात आहेत. फोटोंच्या प्रती तीन ठिकाणी आहेत, त्यांतली एक सदाशिव पेठेत काकांकडे, त्यांनीच मागून घेतली. छपराचे पैसे जमले. उरलेल्या कौलांतली १८६५ ची चार आणि १८६८ चे एक मी संडे स्कूलच्या खोलीत मांडून ठेवली आहेत.

सव्वाशेव्या वर्षाच्या उपासनेत पहिल्या पानावरची नावे वाचायची असे ठरले. संध्याकाळी पाहुणे येणार म्हणून कार्यक्रम संध्याकाळी घ्यावा असा बेत होता. आत्यांनी निरोप पाठवला, सकाळीच घ्या. त्यांना खुर्चीवर बसवून आणले आणि पुढच्या बाकाशेजारी ठेवले. साडेआठला मी वाचायला उभी राहिले तेव्हा निळा उजेड वहीच्या फोटोवर पडला होता आणि मला कागद थोडा तिरका धरावा लागला. मुलांची नावे, गावांची नावे, 'वय अदमासे'. ज्यांना दोन नावे होती त्यांची दोन्ही वाचली, आधी जुने, मग नवे. पणजीचेही.